भर डिसेंबरात ट्रोम्सो: दिवस उगवतच नाही तिथे पंधरा दिवस करायचं काय?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

नमस्कार मंडळी,

लेक नॉर्वेत ट्रोम्सोला मत्स्यविज्ञानात मास्टर्स करतेय. तिची परीक्षा डिसेंबरच्या मध्यावर संपते आणि "आई, बाबा, नाताळात इकडेच या" असा तिने धोशा लावलाय. आम्हाला खरं तर उन्हाळ्यात जायचं होतं, पण मे-जूनमध्ये ती कामासाठी बोटीवर असते. म्हणजे डिसेंबर, नाहीतर काहीच नाही. १८ डिसेंबर ते २ जानेवारी असा बेत आहे.

अडचण अशी की त्या दिवसांत तिथे सूर्य उगवत नाही. २७ नोव्हेंबरच्या सुमाराला गेला की जानेवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येतच नाही म्हणे. लेकीला त्याचं काही वाटत नाही, तिचं वय चोवीस. मी चोपन्न, आमचे हे एकसष्ट. यांना बारा वर्षांचा डायबेटिस, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन.

मला अंधाराची भीती वाटत नाही, चिंता वेगळीच आहे. साताऱ्यात जुलैमध्ये पाऊस बसला की आठ-आठ दिवस घरातून अजिंक्यतारा दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि मी विनाकारण यांच्यावर खेकसायला लागते. इथे आठ दिवसांत ही गत, तर तिथे पंधरा दिवसांत काय होईल? एवढाली तिकिटं काढून लेकीच्या दीड खोलीत तोंड पाडून बसायचं का?

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या येणार नाहीत, नणंदेकडे राहतील. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही: "संकष्टीला चंद्र तरी दिसतो का गं तिथं?"

कुणी खरोखर जाऊन आलंय का? व्हिडिओ नकोत. ते सगळे पंचविशीतले, कुत्र्यांच्या गाडीवर बसून ओरडत असतात. गुडघे दुखणारी माणसं तिथे दिवसभर करतात काय, ते सांगा. आणि कंदी पेढे न्यायला चालतात का? लेकीने सगळ्यात आधी तेच विचारलंय.

माणदेशी

पैसे भरून अंधार बघायला निघालात होय? आमच्या माणात या. डीपी जळाला की आठ दिवस फुकटात ध्रुवीय रात्र, वर बाजरीची भाकरी आणि ठेचा. रागावू नका ताई. पण सूर्य म्हणजे आपल्याकडं काय कमी पडलेली गोष्ट आहे का, की ती सोडून जायची हौस यावी? उलट मार्चनंतर आम्हीच तो थोडा तिकडं पाठवून द्यायला तयार आहोत.

बागाईतदार (तासगाव)

ताई, आम्ही जाऊन आलोय. मी आणि मंडळी, डिसेंबर २०२४, बारा दिवस. थोरला मुलगा तिथं नोकरीला आहे. माझं वय अठ्ठावन्न, गुडघे माझेही दुखतात, म्हणजे तुमच्या अटीत बसतो.

आधी कबूल करतो, मी जाणार नव्हतो. डिसेंबर म्हणजे आमची द्राक्षबाग ऐन भरात. ऑक्टोबरची छाटणी झालेली, घडांची विरळणी चाललेली, घड औषधात बुडवायचे डिप चाललेले, त्यात आभाळ आलं की डाऊनी रोगाची धास्ती. अशा वेळी बाग सोडून परदेशी जाणारा माणूस गावात येडा ठरतो. धाकट्या भावानं सगळं अंगावर घेतलं म्हणून निघालो. मंडळींची अट वेगळी होती: दत्तजयंती औदुंबरलाच करायची, मग पाय बाहेर. १४ तारखेला दत्तजयंती झाली आणि १६ ला आम्ही ट्रोम्सोत.

आता अंधाराचं. माझं निम्मं आयुष्य अंधारात गेलंय. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्री येते. मग रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, मोटर चालू करायची, व्हॉल्व्ह फिरवायचे, पायाखाली साप नाही ना बघायचं. मला वाटलेलं तिकडं तसलाच अंधार चोवीस तास असणार, विहिरीत वाकून बघितल्यागत. तसं अजिबात नाही.

मुलानं पहिल्याच दिवशी हिशेब घातला. २१ डिसेंबरला भर दुपारी तिथं सूर्य क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. हात लांब करून दोन बोटं आडवी धरा, तेवढंच अंतर. आपल्याकडं सूर्य मावळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो तेवढा खाली जातो. म्हणजे आपल्या दिवेलागणीचा जो उजेड असतो ना, गुरं गोठ्यात बांधायच्या वेळचा, तो. फक्त आपल्याकडं तो हा हा म्हणता संपतो आणि तिकडं तो रेंगाळतो.

मला घड्याळ लावून बघायची खोड आहे. पावणेआठला काळा रंग फिका पडायला लागतो. साडेनऊला रस्त्यावरच्या दिव्याशिवाय माणसाचा चेहरा ओळखू येतो. पावणेबाराला सगळ्यात जास्त उजेड. दक्षिणेला डोंगरामागं केशरी पट्टा, वर गुलाबी, आणि बाकी तिन्ही दिशा निळ्या. बर्फ तोच निळा उचलतो. धुण्यात नीळ जरा जास्त पडली की धोतर जसं दिसतं, तसा अख्खा डोंगर. दोनच्या सुमाराला हे रंग आवरतं घेतात आणि साडेतीनला चक्क रात्र. आभाळ भरलेलं असेल तर मात्र हा उजेड निम्म्यावर येतो, आणि आभाळ वरचेवर भरतं.

म्हणून आम्ही एकच नियम केला: साडेनऊ ते दोन घरात बसायचं नाही. मग ते दुकानात जाणं असो, नाहीतर बंदरावर नुसतं उभं राहून बोटी बघणं. स्वयंपाक, झोप, व्हिडिओ कॉल, भावाला बागेचे फोटो पाठवायला सांगणं, सगळं दोननंतर. पहिले दोन दिवस आम्ही उलटं केलं. थकवा आला म्हणून दहापर्यंत झोपलो, आवरून बाहेर पडेस्तोवर एक वाजला. त्या दोन दिवसांत मंडळी माझ्यावर, आणि मी मुलावर, तुमच्या जुलैसारखेच खेकसलो. नियम केल्यावर थांबलं.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मंडळींकडून घ्या. आम्ही पोचलो तेव्हा पौर्णिमा नुकतीच झालेली. चंद्र मावळायलाच तयार नाही! डिसेंबरात सूर्य जितका खाली जातो, पौर्णिमेचा चंद्र तितका वर चढतो, आणि तिथं तो दिवसभर आभाळात गोल फिरत राहतो. उलट अमावास्येच्या आसपास चार-सहा दिवस उगवतच नाही. १८ ला संकष्टी होती. चंद्र आधीपासूनच आभाळात, तर चंद्रोदय धरायचा कधी? मंडळींनी घरच्या पंचांगातली वेळ धरली. सांगलीत नऊच्या आसपास चंद्रोदय, आणि हिवाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे तिथले साडेचार. साडेचारलाच मोदक! मंडळी म्हणाल्या, "इथली संकष्टी लई सोयीची."

चंद्रप्रकाशात बर्फ इतका उजळतो की दुपारी चारला, म्हणजे पक्क्या रात्री, मला समोरच्या डोंगरावरची झाडं कुठं संपतात ती रेघ दिसत होती.

थंडीचं उगाच भेव घालतात. अटलांटिकमधून गरम पाण्याचा प्रवाह त्या किनाऱ्यानं वर जातो, म्हणून उत्तर ध्रुववृत्ताच्या साडेतीनशे किलोमीटर वर असूनही तिथला समुद्र गोठत नाही. जानेवारीची सरासरी उणे चारच्या आसपास. आमच्या मुक्कामात तर एक दिवस पारा शून्याच्या वर गेला आणि चक्क पाऊस पडला. मला आनंद झाला. तो माझा मूर्खपणा.

कारण ताई, तिथं भ्यायचं ते निसरड्याला. पाऊस पडला, रात्री परत गोठला, सकाळी रस्ता म्हणजे काच. मी बसथांब्यापासून दहा पावलांवर आडवा झालो. कोपरावर पडलो, हाड वाचलं. एक आजीबाई, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, खुशाल चालत आल्या आणि आपला बूट उचलून तळवा दाखवला. रबराच्या जाळीला लोखंडी खिळे. त्याला ब्रॉडर म्हणतात. मुलानं आधीच सांगितलेलं आणि मी "बैलामागं चिखलणी केलेला माणूस आहे, मला काय शिकवतोस" म्हणून उडवून लावलेलं. त्याच दिवशी दोन जोड आणले. पोचल्या दिवशी घ्या, विमानतळावरनं घरी जायच्या आधी घेतले तरी चालतील. दुकानात शिरताना मात्र काढायचे, फरशीवर तेच घसरतात. आणि चालायचं तसंच, भाताच्या खाचरात चालतो तसं: अख्खा तळवा सपाट टेकवायचा, टाच आधी नाही, आखूड पावलं.

आता ती रात्रीच्या आभाळातली हिरवी प्रभा, अरोरा म्हणतात ती. बारा रात्रींत चार वेळा दिसली. पहिल्यांदा तर मी तिला ढग समजून घरात निघून गेलो होतो! बारीक असली की डोळ्याला ती राखाडी पट्ट्यासारखीच दिसते. मुलानं मोबाईल कठड्यावर ठेवून तीन सेकंदांचा फोटो काढला तेव्हा तो हिरवा आला. तिसऱ्या वेळी मात्र काही विचारू नका. द्राक्षाच्या भुरी रोगावर पहाटे गंधकाची धुरळणी करताना वाऱ्याची झुळूक आली की पिवळा धुरळा कसा ओळीओळीनं वळतो, दुमडतो, परत उलगडतो? तसं, पण हिरवं, आणि गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खालची कड गुलाबी. आवाज काहीच नाही, त्यामुळं जास्त धडधड होते. मुलगा म्हणतो हिरवा रंग प्राणवायूचा, शंभरेक किलोमीटर उंचीवरचा, आणि सूर्याकडून आलेले कण तिथं आपटतात म्हणून. म्हणजे सूर्य दिसत नसला तरी त्याचंच काम.

परतीच्या दिवशी दुपारी विमान सुटलं. खाली निळी सांज. विमान वर चढलं, आणि पाच-सात मिनिटांत खिडकीत सूर्य! तीन अंशांचाच तर फरक, उंचावर गेलं की मिटतो. मंडळींनी तिथल्या तिथं हात जोडले. शेजारचा नॉर्वेचा पोरगा कानात गाणी लावून बसलेला, त्यानंही पट्टी वर सरकवली आणि डोळे मिटून तोंडावर ऊन घेत बसला.

माणदेशी, तुमची बाजरीची भाकरी कबूल. पण डीपी जळाल्यावर तुम्हाला गुलाबी आभाळ दिसत असेल तर पत्ता द्या, मी येतो.

मिरजेची, आता उत्तरेत

बागाईतदार काकांनी माझं निम्मं काम केलं. मी मूळची मिरजेची, नर्स आहे, अकरा वर्षं ट्रोम्सोत. थोडं खारट बोलते, राग मानू नका.

काका, तुम्ही पाहुणे होता. बारा दिवस तर प्रत्येकाला गुलाबी आभाळच दिसतं. इथे राहणाऱ्याला त्रास होतो तो नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी, जेव्हा खाली काळी माती आणि वर काळे ढग. बर्फ पडला की निम्मा प्रश्न सुटतो कारण तो मिळेल तो उजेड परत फेकतो. पहिल्या वर्षी मी ड्यूटीवरून येऊन खिडकीचा पडदासुद्धा उघडत नव्हते, काय बघायचंय म्हणून. सोबतच्या मावशींनी एकदा घरी येऊन पडदे उघडले आणि खिडकीत सात दिव्यांची लाकडी कमान ठेवून गेल्या. डिसेंबरात इथे घरोघरी खिडकीत असे दिवे आणि कागदी तारे लावतात. आपल्या आकाशकंदिलासारखंच, फक्त इथे तो आत टांगतात आणि उजेड रस्त्यावरच्या माणसासाठी. या काळाला मोर्केतीद म्हणतात, अंधाराचा काळ. पण बोलताना त्यात कुणी रडका सूर लावत नाही.

तर अजिंक्यताराताई, पंधरा दिवसांत तुम्हाला उदासी येणार नाही. झोप मात्र बिघडेल. साडेचार तासांचा फरक आणि वर उजेडाचा पत्ता नाही, त्यामुळे संध्याकाळी सातलाच डोळे मिटायला लागतील आणि पहाटे तीनला टक्क जाग. दुपारी झोपू नका, बस्स. ड जीवनसत्त्वासाठी इथले लोक हिवाळाभर ट्रान घेतात, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल, सकाळी एक चमचा. पंधरा दिवसांच्या पाहुण्याला त्याची गरज नाही. लेकीला मात्र विचारा, घेतेस का म्हणून.

तुमच्या यांच्या इन्सुलिनबद्दल नीट वाचा. सगळं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सामानात टाकू नका, तिथे गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. बाहेर फिरताना पेन आतल्या खिशात, अंगाजवळ. साखर तपासायचं यंत्रही थंडीत रुसतं, तेही आतच ठेवा. बर्फातून चालायला जास्त दम लागतो, साखर खाली येऊ शकते, त्यामुळे खिशात गोळ्या-बिस्किटं हवीतच. डायबेटिसमध्ये पायाला बधिरपणा असेल तर थंडी कळत नाही, म्हणून घरी आल्यावर रोज पाय बघायचे. वेळेतल्या फरकामुळे डोस कसा सरकवायचा ते निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हे मी इथून सांगणार नाही.

कंदी पेढे: नाही. वाईट वाटतं, पण युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. तूपही नको. बटाटेही नाहीत. पीठ, कोरड्या चटण्या, मेतकूट, तिळगूळ खुशाल आणा. (पहिल्या वर्षी माझ्या आईने साडीच्या घडीत बर्फी लपवली होती. ती ऑस्लोत कचऱ्याच्या डब्यात गेली, आणि आईपेक्षा तो अधिकारीच जास्त ओशाळला होता.)

तुमच्या तारखा बघता आणखी एक. २४ डिसेंबरला दुकानं लवकर बंद होतात, २५ आणि २६ ला शहर झोपलेलं असतं, बसही कमी. २३ लाच दूध, भाजी, पाव भरून ठेवा. बाकी, गोंडोलात (रोपवेच्या पाळण्यात) बसून स्टोर्स्टाइनेन डोंगरावर जाता येतं, ४२१ मीटर, चालायला लागत नाही. अकराच्या सुमाराला वर पोचा. अख्खं शहर बेटावर कसं बसलंय ते दिसतं आणि काकांचा केशरी पट्टा तिथून रुंद दिसतो. पुलापलीकडचं १९६५ सालचं त्रिकोणी आर्क्टिक कॅथेड्रल बघाच. देवमासे बघायला बोटी स्कियरवेकडे जातात, पण तासन्‌तास समुद्रात हलत जायचं असतं. मळमळ होणाऱ्याने आणि इन्सुलिनवाल्याने विचार करून.

सूर्य परत येतो तो दिवस मात्र तुमचा हुकणार. पंचांगानुसार १५ जानेवारीच्या आसपास तो वर येतो, पण दक्षिणेला डोंगर असल्याने शहरातून २१ च्या सुमाराला दिसतो. त्या दिवशी जॅम भरलेले गोल पाव खातात, सोलबोलर. आमच्या वॉर्डात सकाळीच ट्रे येतात. आपण तिळगूळ देतो त्यानंतर आठवड्याभरातच, म्हणून मी दोन्ही वाटते.

कऱ्हाडचा भटक्या

सगळे ट्रोम्सोचंच चालवलंय म्हणून मध्ये तोंड घालतो. खरीखुरी ध्रुवीय रात्र बघायची तर स्वालबार्ड, ट्रोम्सोच्याही बरीच उत्तरेला असलेली नॉर्वेची बेटं. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन अठ्ठ्याहत्तर अंशांवर आहे. तिथे ऑक्टोबरच्या शेवटी गेलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यावर येतो, आणि २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजाच्या साडेअकरा अंशांहून जास्त खाली. म्हणजे गुलाबीबिलाबी काही नाही. मी दुपारी बाराला हॉटेलबाहेर उभा राहून सप्तर्षी बघितले.

गावाच्या हद्दीवर अस्वलाची पाटी आहे. त्यापुढे बंदूकवाला वाटाड्या असल्याशिवाय जायचं नाही. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, संध्याकाळनंतर बांधावर एकटं जात नाही, त्यामुळे मला ती शिस्त लगेच पटली. दुसरं म्हणजे तिथे हॉटेलात आणि संग्रहालयात शिरताना बूट दाराशी काढतात. कोळशाच्या खाणीतले कामगार काळे बूट घेऊन आत येत, तेव्हापासूनची रीत. नॉर्वेत एवढं माहेरी आल्यासारखं मला दुसरीकडे कुठे वाटलं नाही. आणखी वर न्यू-ओलेसुंडला आपलं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही आपले शास्त्रज्ञ जायला लागलेत, पण तिथे पर्यटकांचं काम नाही.

व्हिसाचं लक्षात ठेवा: स्वालबार्ड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. तिथे जाऊन परत ऑस्लोत उतरलात की ती दुसरी एन्ट्री. एकच एन्ट्रीचा व्हिसा असेल तर परत येताना अडकाल.

जाता जाता: टिळकांनी १९०३ मध्येच मांडलं होतं की आपले वैदिक पूर्वज उत्तर ध्रुवाजवळ राहत, उषेची सूक्तं ही त्या लांबच लांब पहाटेचीच. म्हणजे ताई, तुम्ही फिरायला नाही, गावी चाललाय.

मिरजेची, आता उत्तरेत

भटक्या, एकसष्ट वर्षांच्या डायबेटिक माणसाला पहिल्या फेरीत स्वालबार्डला पाठवू नकोस. मोठं आजारपण आलं तर तिथून विमानाने इकडे आमच्याकडेच आणतात.

टिळकांचं मत आजचे संशोधक धरत नाहीत. पण एक सांगते. जानेवारीत रात्रपाळी संपवून घरी चालत येताना दक्षिणेचं आभाळ तासभर, दोन तास नुसतं लाल होत राहतं आणि त्यातून सूर्य काही निघत नाही. तेव्हा मला दरवेळी उषेची आठवण येते. शाळेत संस्कृतला पंचावन्न मार्क होते, तरी.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

अगं बाई, एवढं सगळं! यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काकांच्या पडण्यावर हे हसले आणि इन्सुलिनच्या परिच्छेदाला गप्प बसले, म्हणजे योग्य ठिकाणी पोचलं. सासूबाईंना साडेचारच्या मोदकांचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग मलाही घेऊन चला." आता ते एक निस्तरायचं आहे.

स्वालबार्ड रद्द. पेढे रद्द. व्हिसाचं कसं केलंत? आणि काका, कपडे इथून घ्यायचे की तिथे? पुण्यातल्या एका दुकानात आम्हाला फुगीर जॅकेटं दाखवली, किंमत ऐकून हे बाहेर जाऊन उभे राहिले. ती हिरवी प्रभा शहरातून दिसते का, की त्या रात्रीच्या गाड्या कराव्या लागतात?

बागाईतदार (तासगाव)

व्हिसाला सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आम्ही ऑगस्टमध्येच केला. फी नव्वद युरो प्रत्येकी, आणि प्रवासाचा विमा किमान तीस हजार युरोचा लागतो. मुलाचं निमंत्रणाचं पत्र जोडलं. दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, गर्दी असते.

प्रभा आम्हाला चारातली दोनदा शहरातच दिसली, मुलाच्या गॅलरीतून. फक्त आभाळ मोकळं पाहिजे, हाच सगळा जुगार. रात्रीच्या गाडीला आम्ही एकदाच गेलो. ड्रायव्हर मोबाईलवर ढगांचा नकाशा बघत बघत स्किबोटनच्या दिशेनं, पार फिनलंडच्या हद्दीपर्यंत घेऊन गेला, कारण डोंगरापलीकडं हवा कोरडी असते. पासपोर्ट जवळ ठेवा, हद्द ओलांडतात. रात्री आठला निघालो, पहाटे तीनला परत. तीन म्हणजे माझी मोटर बंद करायची वेळ, त्यामुळं मी ताजातवाना आणि पंचविशीतली पोरं घोरत होती. ज्या रात्री आभाळ साफ असल्याचं नक्की दिसेल त्याच दिवशी गाडी ठरवा, इथून महिनाभर आधी नको. पण तुमच्या तारखांना, नाताळात, जागा लवकर भरतात. लेकीला त्यावर नजर ठेवायला सांगा.

कपड्यांचं. फुगीर जॅकेटावर सगळे पैसे घालवू नका, ते लेकीच्या मैत्रिणींकडून उसनं मिळेल. पैसे घालवायचे ते अंगालगतच्या कपड्यावर आणि बुटांवर. आतला कपडा लोकरीचाच. सुती बनियन घामानं ओला होतो आणि मग तोच गार पडून अंगाला चावतो. माझ्या बॅगेत सहा सुती बनियन होते, पाच तसेच घडी घातलेले परत आले. बूट एक नंबर मोठे, आत जाड मोजा बसला पाहिजे आणि बोटं हलली पाहिजेत. हातमोजे दोन जोड, कारण एक हरवतोच.

निघताना मंडळी म्हणाल्या होत्या, घोंगडी घ्या. मी हसलो, विमानात घोंगडी घेऊन बसलेला माणूस कसा दिसेल म्हणून. त्यांनी ऐकलं नाही, चढवलीच. जतकडची, धनगराच्या हातची, काळी. तिथं मुलाच्या घरी आलेल्या एका मित्रानं ती हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला आणि विकता का म्हणून विचारलं. पुढं रोज रात्री गॅलरीत आभाळ बघत बसायला तीच होती, दोघांत एक. पोरानं घेतलेलं महागाचं ब्लँकेट घरात सोफ्यावर पडून.

ताई, पाहिजे असेल तर सांगा. पुढच्या महिन्यात बेदाण्याच्या कामासाठी साताऱ्याला येणं आहे, पोवई नाक्यावर आणून देतो. जड आहे, बॅगेत बसायची नाही. यांच्या खांद्यावर टाका.